बाळूला सांभाळायचं वचन

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मुलाकडच्यांना स्पष्ट सांगितलंय, आई-बाबांनंतर बाळूला मीच बघणार." भाऊ दिव्यांग आहे हे पहिल्याच भेटीत सांगितलंस ते बरं केलंस. पाहुणे आले की अशा पोराला मागच्या पडवीत बसवायची रीत मला कधीच पटली नाही. पण सांभाळायचं वचन कोणाला विचारून दिलंस? मी मागितलं नव्हतं, बाबांनीही नाही.

अठरा पूर्ण झाली की आई-बापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. म्हणून तर स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व असं काही असलेल्यांसाठीच्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज केला आणि बाळूचे पालक म्हणून बाबांचं नाव लागलं. नुसतं नाव लावून भागत नाही हो! त्याच्या नावावर काय काय आहे त्याची यादी सहा महिन्यांत द्यायची, शिवाय दरवर्षी हिशेब. एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, त्यांना त्यात गोडीच. उद्या आम्ही नसलो तर समिती दुसरा पालक नेमते. तो नातेवाईक असेल, नाहीतर नोंदणी झालेली एखादी संस्था. तूच असायला हवीस असं कुठे लिहिलेलं नाही. तुला मनापासून व्हायचं तर हो, पण लग्नाच्या बोलणीतली अट म्हणून नको.

वाडीतली माणसं मायाळू आहेत. कोणी अंगारा आणतं, कोणी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगतं आणि चहा पिऊन जातं. राग नाही मला. उपयोगी पडते ती मात्र शेजारची काकी. बाजाराच्या दिवशी दारात येऊन म्हणते, "जा गो, मी बसतंय हय." कोकमाच्या दिवसांत दोघं खळ्यात बसतात. बाळू एकेक साल बोटाने सरळ करून मांडतो, एकावर दुसरं चढलं की उचलून परत मांडतो. घाई केली की ओरडतो. काकी घाई करत नाही.

त्याच न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. पण बाळू रात्रभर जागा असला तर माझ्याऐवजी कोण जागणार? ते कुठल्या योजनेत बसत नाही. तिथे माणूसच लागतं.

तेव्हा तुझ्याकडून मला हवंय ते एवढंच. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरतंय. चार दिवस आधी ये, कारण बाळूला नवा हात एकदम चालत नाही. आंघोळ आणि दाढी बाबा बघतील. भात आणि कढी वेगळ्या वाट्यांत वाढायची, कालवायची नाही. वीज गेली की मेणबत्ती शोधत बसू नकोस, आधी टॉर्च त्याच्या हातात दे. बाकीचं वहीत लिहून ठेवते. आणि त्याला खेळणी आणू नकोस, चोवीस वर्षांचा बाप्या आहे तो. दाढीचं मशीन आण, जुन्याने ओढतं.

कोकणातल्या गाड्यांचं तुला माहीत आहे, तिकीट वेळेत काढ. त्या मुलाला यावंसं वाटलं तर दोन दिवस त्यालाही येऊ दे. घर बघेल, बाळूला बघेल, मग काय ते दोघं ठरवा.

तुझी,
आई