आधी रेफर रजिस्टर उघडा, मग नकाशा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागात तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा विस्तार म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: खाटा किती? तीसच्या पन्नास, पन्नासच्या शंभर. निवेदनात तोच आकडा, भाषणात तोच आणि शेवटी कोनशिलेवरही तोच. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कुठेही जा. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. दवाखान्यात रेफर रजिस्टर नावाची एक वही असते. बेळगावच्या सिव्हिलला किंवा आणखी कुठे पाठवलेल्या रुग्णाची तारीख, वेळ, निदान आणि पाठवण्याचे कारण तिच्यात नोंदवायचे असते. नकाशा काढण्याआधी या वहीची मागच्या बारा महिन्यांची पाने कारणानुसार मोजावीत. ‘खाट शिल्लक नाही’ किती वेळा लिहिले आहे आणि ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत’, ‘रक्त उपलब्ध नाही’, ‘बाळाला श्वासाचा त्रास’ किती वेळा, हे कळले की पैसा कुठे घालायचा यावर फारसा वाद उरत नाही. रात्री आठ ते सकाळी आठच्या नोंदी वेगळ्या मोजाव्यात. एकाच इमारतीत दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन निरनिराळे दवाखाने चालतात.

भूलतज्ज्ञाचे एक पद भरले की चोवीस तास सिझेरियनची सोय झाली, असा समज आहे. एक माणूस वर्षाचे ३६५ दिवस रात्री-अपरात्री उठू शकत नाही. दोन पदे हवीत, किंवा एका एमबीबीएस डॉक्टरला भूल देण्याचे सरकारी प्रशिक्षण देऊन जोडीला घ्यावे लागते. बाहेरच्या भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलावण्याचाही मार्ग आहे. पण तो बेळगावात राहणारा असेल तर खानापूरपर्यंतचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर त्याच्या वेळेत धरावे लागतात. आणि मानधन सहा महिने थकले की रात्री दोन वाजता त्याचा फोन लागेनासा होतो. त्याला तरी काय बोलणार?

परिचारिकांचे गणित तर साधे आहे, तरी ते कागदावर कोणी मांडत नाही. चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायची तर वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि सण वजा जाता एक सिस्टर वर्षाला अडीचशे-दोनशे साठ पाळ्या करते. म्हणजे एका जागेला चारहून थोड्या जास्त जणी लागतात, प्रशिक्षण आणि बाळंतपणाची रजा धरली तर पाच. वीस खाटांच्या नव्या वॉर्डात प्रत्येक पाळीला दोन सिस्टर ठेवायच्या असतील तर नऊ ते दहा पदे मंजूर हवीत. इमारतीचा निधी एका फाइलवरून येतो, पदांची मंजुरी दुसऱ्या. पहिली फाइल नेहमी लवकर सुटते, म्हणून नवा वॉर्ड रंगवून तयार असतो, गाद्यांवरचे प्लास्टिक तसेच असते आणि दाराला कुलूप असते.

आता रक्ताकडे या. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांत दगावू शकते. कणकुंबी-जांबोटीकडून खानापूरला यायचे, तिथून बेळगाव गाठायचे आणि मग रक्ताची पिशवी शोधायची, यात ते दोन तास संपतात. तालुक्याला रक्तपेढी परवडणार नाही, हे मान्य. पण रक्तसाठवण केंद्र, म्हणजे रक्त गोळा न करता मोठ्या रक्तपेढीकडून आणून ठेवण्याची सोय, परवडते. वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंतच्या वापरासाठी त्याला रक्तपेढीसारखा परवाना लागत नाही. राज्याच्या यंत्रणेची मान्यता, दहा चौरस मीटरची वातानुकूलित खोली, प्रशिक्षित डॉक्टर व तंत्रज्ञ आणि एखाद्या परवानाधारक रक्तपेढीशी करार एवढे लागते. फ्रिज मात्र रक्तासाठीचाच हवा, २ ते ६ अंश सेल्सिअस राखणारा आणि गजर असलेला. घरगुती फ्रिज चालत नाही. त्यात बर्फाच्या कप्प्याजवळ रक्त गोठून तांबड्या पेशी फुटतात, आणि तशी पिशवी चढवणे जिवावर बेतते.

अशी केंद्रे बंद पडतात ती बहुधा मुदत संपलेल्या पिशव्यांमुळे. साध्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते. महिन्याला आठ-दहाच पिशव्या लागणाऱ्या ठिकाणी सगळ्या गटांचा मोठा साठा आणून ठेवला की निम्मा फुकट जातो, मग लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि डॉक्टर मागणीच करायचे सोडतात. उपाय सोपा आहे. ओ आणि बी पॉझिटिव्ह जास्त, बाकीचे मोजके, निगेटिव्ह एक-दोन पिशव्या. आणि मुदतीला आठ-दहा दिवस उरले की करार असलेल्या मोठ्या रक्तपेढीला त्या परत देऊन ताज्या आणायच्या. तिथे त्या दुसऱ्याच दिवशी वापरल्या जातात. या अदलाबदलीचे कलम करारातच लिहून घ्यावे, तोंडी आश्वासनावर राहू नये. वॉर्डात नेलेली पिशवी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिली तर फ्रिजमध्ये परत ठेवायची नाही, हा नियम सिस्टरच्या टेबलासमोर मराठी आणि कन्नडमध्ये चिकटवलेला असावा.

नकाशात सर्वांत लहान खोली मिळते ती धुलाईला. खानापूरच्या पावसात तीच खोली सगळ्या ऑपरेशन थिएटरला खाली ओढते. एका खाटेमागे चादरींचे पाच-सहा संच धरावे लागतात: एक खाटेवर, एक धुण्यात, एक वाळत, एक कपाटात आणि वर एक-दोन राखीव. जून ते सप्टेंबर वाळतचा एक संच पुरत नाही, कारण दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही दमटच असते. थिएटरची हिरवी कापडे तशीच दमट घडी घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवली की बाहेर निघतो तो ओला गठ्ठा. ओल्या कापडातून जंतू आरपार जातात, म्हणून ओला गठ्ठा निर्जंतुक धरायचाच नसतो. गठ्ठ्यावर बाहेरून चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. त्या रेघा फक्त बाहेर उष्णता पोहोचल्याचे सांगतात. गठ्ठ्याच्या पोटात वाफ आत पोहोचली का हे दाखवणारी निर्देशक पट्टी ठेवावी, डबा कोंबून भरू नये, १२१ अंशांवर अर्धा तास आणि वर वाळण्याला वेळ द्यावा. कपडे वाळवण्याचे मोठे यंत्र आणि दुसरा ऑटोक्लेव्ह यांचा खर्च नव्या इमारतीच्या मानाने किरकोळ असतो. पण वाळवण्याच्या यंत्राचे उद्घाटन कोण करणार!

बाळांच्या कक्षाबाबत घाई नको. बाळाला ऊब देणारा एक वॉर्मर अर्धा ते पाऊण किलोवॉट वीज ओढतो, तीही दिवसरात्र. चार-सहा वॉर्मर, फोटोथेरपीचे (काविळीच्या बाळांसाठीचे) दिवे आणि एसी जुन्या वॉर्डाच्या वायरिंगवर जोडणे धोक्याचे. अशा कक्षाला आग लागली तर काय होते, हे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दिसले. त्या आगीत दहा बालके गेली. या कक्षाला स्वतंत्र केबल, स्वतंत्र पॅनेल, बाहेर उघडणारा दुसरा दरवाजा आणि रात्रभर आत जागी असणारी सिस्टर पाहिजे. हेस्कॉमकडे (इथल्या सरकारी वीज कंपनीकडे) वाढीव भाराचा अर्ज इमारतीचा पाया खणतानाच करावा. ट्रान्सफॉर्मर शेवटी आठवतो.

कोविडच्या काळात अनेक सरकारी रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट बसले. त्यांतला झिओलाइट हा पदार्थ नायट्रोजन शोषतो, पण ओल लागली की निकामी होतो. घाटमाथ्याच्या हवेत ड्रायरचा, म्हणजे हवा कोरडी करणाऱ्या भागाचा, निचरा-व्हॉल्व्ह अडकला तर कॉम्प्रेसरमधून पाणीच पुढे जाते. ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांखाली चालत नाही. मीटरचा आकडा रोज वहीत लिहिला तर घसरण आधी कळते. शिवाय राखीव सिलिंडर हवेतच. मोठ्या सिलिंडरमध्ये सात हजार लिटर मावतात. मिनिटाला दहा लिटर घेणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो, मिनिटाला साठ लिटरच्या हाय-फ्लो यंत्राला दोन तासही नाही.

पाणी: शंभर खाटांपर्यंत दरखाटेमागे दिवसाला ३४० लिटर धरण्याची पद्धत आहे, म्हणजे शंभर खाटांना ३४ हजार लिटर. डायलिसिसचे वेगळे. चार तासांच्या एका फेरीला १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि आरओ बरेच फेकून देत असल्याने टाकीतून त्याच्या दुपटीच्या आसपास उपसले जाते. मलप्रभेच्या उगमाच्या तालुक्यातही एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई असते, तेव्हा बोअरवेलचा भरवसा धरू नये आणि आरओचे फेकलेले पाणी शौचालयांकडे वळवावे.

निपाणीकडची गोष्ट आणखी वेगळी. तिथला रुग्ण बेळगावपेक्षा कोल्हापूरला लवकर पोहोचतो, अथणीचा मिरजेला. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. म्हणून पूरभागातल्या दवाखान्यात निदान पावसाचे तीन महिने तरी सिझेरियन, रक्त आणि नवजात बाळ ही तीन कामे जागेवरच व्हायला हवीत. तिथे खाटांचा आकडा दुय्यम.

भाषेबाबत एकच मागणी. संमतिपत्र आणि घरी जाताना दिलेला औषधांचा कागद कन्नडबरोबर मराठीतही असावा. ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणानंतर’ यांतला घोळ साखरेच्या रुग्णाला महागात पडतो. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र आणि जेवणासाठी ताट अशी चित्रे असलेला शिक्का करून घेतला तरी निम्मे काम होईल. त्याचा खर्च दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीला सहज पेलेल.

रेफर रजिस्टरचे आकडे या समितीच्या बैठकीत मागता येतात. ते मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, ही अट लक्षात ठेवावी. रुग्णांची नावे मागू नयेत, नाहीतर खासगी माहिती म्हणून अर्ज परत येतो. महिना, वेळ आणि पाठवण्याचे कारण एवढेच मागावे. फी दहा रुपये.

आपले,
सरकारी रुग्णालयांच्या सेवेतून निवृत्त झालेले काही कर्मचारी,
खानापूर व निपाणी