दीपगृह फक्त फोटोपुरतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दीपगृहांवरचा लेख सोमवारी वाचला. (आमच्या गावात रविवारचा अंक सोमवारीच येतो. याबद्दल आधीही लिहिलं होतं, ते पत्र आपण छापलं नाहीत.)

'जीपीएस आल्यापासून अरुंद खाडीच्या तोंडावरची छोटी दीपगृहं पर्यटकांपुरती उरली' असं लेखक किती सहज लिहून गेले! जीपीएसचे संदेश अडवता येतात, खोटेही पाठवता येतात. म्हणून डोळ्याला दिसणारा दिवा लागतो. अरुंद वाटेसाठी एकामागे एक दोन दिवे असतात, पुढचा बुटका, मागचा उंच. दोन्ही एकावर एक दिसले की जहाज बरोबर वाटेत. वरचा डावीकडे सरकलेला दिसला की जहाज डावीकडे गेलं समजायचं आणि उजवीकडे वळायचं. काही ठिकाणी एकाच दिव्याला रंगीत काचा असतात. आपल्याकडे बंदरात शिरताना पांढरा दिसतो तोवर ठीक. लाल दिसला तर डावीकडे गेलात, हिरवा दिसला तर उजवीकडे. भूगोलाच्या तासाला सातवीच्या पोरांना हे फळ्यावर काढून दाखवलं की लगेच समजायचं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. महाशय, देशातल्या दीपगृहांच्या महासंचालनालयाचं मुख्यालय नोएडात आहे. तिथे कोणती भरती येते?

आणि खुणेची किंमत आम्हाला नाल्यावर कळते. आमच्या रपट्याच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड होते. रस्ता रुंद करताना ते काढले, परत लावलेच नाहीत. मागच्या पावसाळ्यात रपट्यावर पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण गढूळ. कड कुठे संपते ते दिसेना. पुतण्या मोटरसायकलसकट नाल्यात गेला. बाभळीला अडकला म्हणून वाचला. मोबाईलवर नकाशा सुरूच होता त्याच्या, त्यात रस्ता अगदी सरळ! दगडांसाठी अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "पाणी असताना जायचंच कशाला?" पटलं. जहाजांनीही रात्री बंदरात शिरू नये, दिव्यांचा खर्च वाचेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. उमरखेड

ता. क. लेखासोबतचं दीपगृह परदेशातलं दिसतं. खांदेरीचं १८६७ पासून उभं आहे, कुलाब्यापुढच्या खडकावरचं प्राँग्ज १८७५ पासून. आपलं कार्यालय मुंबईतही आहे ना?