लाल टोपण, केशरी टोपण

पुणे,
रविवार दुपार

प्रिय बबडे,

परवा तू फोनवर रडलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. कात्रजच्या बसमध्ये उभी होते, शेजारच्या काकू कान टवकारून ऐकत होत्या. तुझी नाईट संपते तेव्हा माझी मॉर्निंग सुरू होते, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

दोनदा सुई टोचूनही पेशंटची व्हेन, म्हणजे शीर, सापडली नाही, नातेवाइकांसमोर इनचार्ज सिस्टर बोलल्या, आणि आता तुला वाटतंय की हे काम आपलं नाहीच. अगं, व्हेन न सापडणं हे आपल्या कामातलं सगळ्यात स्वस्त दुःख. दोनदा नाही जमलं की दुसरीला हाक मारायची. सुकलेल्या म्हाताऱ्या हाताला गुलाबी २० नंबरची जाड सुई घेऊन भिडू नकोस, निळी २२ ची बारीक घे. हात खाली सोडायला सांग, गरम फडकं ठेव. हे तुला येतंय, घाईत आठवत नाही एवढंच.

महागातलं दुःख कसं असतं ते सांगते. हे तुला कधी बोलले नव्हते. पहिल्या वर्षी, विसर्जनाची रात्र. रस्ते बंद, स्वारगेटपासून चालत गेले, पोचेपर्यंत ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं, निम्मी झालेली. इन्सुलिन १० युनिटची ऑर्डर होती. ट्रेमध्ये हाताला लागली लाल टोपणाची सिरिंज, म्हणजे मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनची. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, होती मिलीला १०० युनिटची, तिला केशरी टोपणाची लागते. मी १० च्या रेघेपर्यंत ओढलं. त्या सिरिंजमध्ये १० ची रेघ म्हणजे पाव मिली, आणि १०० च्या इन्सुलिनचं पाव मिली म्हणजे २५ युनिट. रात्री झोपलेल्या पेशंटची शुगर किती खाली गेली असती, विचार कर.

सोबतच्या सीनियर सिस्टरनी जाता जाता नुसतं "दाखव" म्हटलं, म्हणून वाचलो, पेशंटही आणि मीही. विचारावंसं मला वाटलं होतं गं, खरंच. पण एवढंही येत नाही का म्हणतील, या लाजेपायी गप्प राहिले. आता चार वर्षं झाली, तरी वायल आणि सिरिंज दुसरीला दाखवून, मोठ्याने वाचल्याशिवाय मी इन्सुलिन देत नाही. वॉर्डात मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. म्हणू देत.

ओव्हर टेबलापाशी घेऊ नकोस, बेडपाशी जाऊन घे. सलाईन खरंच चालू आहे का, कॅथेटरच्या पिशवीत लघवी किती आहे, सुईची जागा लाल झालीय का, ते आपल्या डोळ्यांनी बघ. ५०० मिली ८ तासांत द्यायचं असेल तर मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटला मिनिटाला २१ थेंब. बाटलीला चिकटपट्टी लावून सुरू केल्याची वेळ लिही, पुढचीलाही सोपं जातं.

आणि श्वास मोज. बघ ना, कुठल्याही वॉर्डाचा चार्ट उघडला तर सगळ्यांचे श्वास २० च! जणू सगळे पेशंट मिळून ठरवून घेतात. पूर्ण मिनिटभर मोज. बिघडणाऱ्या पेशंटचा श्वास बऱ्याचदा बीपी पडायच्या आधीच वाढतो, आणि ते पहिल्यांदा तुला कळेल, कारण बेडपाशी तू असतेस.

रात्री दोनला डॉक्टरांना फोन करताना पोटात गोळा येतो, माहीत आहे. आधी बीपी, पल्स, सॅच्युरेशन वहीत लिहून घे, आणि पहिल्याच वाक्यात "सर, तुम्ही येऊन बघायला हवं" म्हण. चिडले तर चिडले. फोनची वेळ नोट्समध्ये लिही. आणि वॉर्डातल्या मावशींशी गोडीने राहा. कोण जेवलं नाही, कोण रात्रभर कण्हत होतं, हे फाईलच्या आधी त्यांना कळतं.

राजीनाम्याचं नंतर बघू. गुरुवारी माझा ऑफ आहे. नाईट झाली की झोप काढ आणि संध्याकाळी ये, आईने शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. माझ्या दंडाला टूर्निकेटचा पट्टा बांध आणि डोळे मिटून बोटाने व्हेन शोध. सुई मात्र आणायची नाही हं!

तुझीच,
ठमी