खुर्चीसाठी तुमची मापं हवीत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माळ्यावरची आजोबांची सागवानी खुर्ची मी खाली काढली आहे आणि नव्यानं भरायला घेतली आहे. बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "कशाला त्रास घेतेस, मोडीत घाल." पण गणपतीत मी पुण्याला आले होते तेव्हा दादाच्या सोफ्यावरून उठताना तुम्ही धरायला काहीतरी शोधत होता, ते मी पाहिलंय. तो सोफा मऊ आहे, माणूस खोल रुततो, गुडघे कमरेच्या वर जातात. मग उठायचा सगळा भार गुडघ्यांवरच येतो. तुम्हाला हवी टणक बैठक, जरा उंच, आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात. तशी खुर्ची आपल्या घरातच पडून होती.

2019 च्या महापुरात ती पाण्यात उभी राहिली आणि नंतर डुगडुगायला लागली, म्हणून आपण ती कामातून गेली असं धरलं. खोलून बघितली तर लाकडाला काहीही झालेलं नाही. सागवानात मुळातच तेल असतं, ते सहजासहजी कुजत नाही. सांध्यांतला सरस मात्र विरघळून गेला होता. जुने सुतार जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस वापरायचे आणि त्याला पाणी चालत नाही. त्यामुळे झालं काय, की सांधे न फोडता नुसत्या हातानं सुटे झाले. उरलेला सरस कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून काढला, कारण त्याच्यावर फेविकॉल धरत नाही. सगळं वाळवून सांधे पुन्हा बसवले, भोवती दोरी गुंडाळली, दोरीत काठी घालून पीळ भरला आणि रात्रभर तशीच ठेवली. आता जागची हलत नाही.

गल्लीच्या तोंडावरचे कुशनवाले काका संध्याकाळी येऊन दाखवतात. त्यांचं पहिलं सांगणं, ओरबाडून काही काढायचं नाही. शेवटी जे बसवलेलं असतं ते आधी काढायचं: खालचं तरट, मग पाठीची मागची बाजू, मग आतली पाठ, हात आणि सगळ्यात शेवटी बैठक. भरताना बरोबर उलटं. निघालेला प्रत्येक तुकडा मी खडूनं नाव घालून ठेवला आहे, त्यावरूनच नवं कापड बेतायचं. रेक्झिनखाली निळ्या पट्ट्यांचं सुती कापड निघालं. आई, ते तुझ्या लग्नाआधीचं असणार. त्याचा एक तुकडा धुऊन ठेवलाय.

कापूस आणि काथ्या टाकून दिला. काथ्या कुजला नव्हता, पण पुराचा गाळ त्यात भरला होता आणि तो घरात नको. स्प्रिंगा तेवढ्या घासून, गंज काढून परत वापरल्या. खाली पट्टे ताणून त्यांची विणीसारखी जाळी केली आणि प्रत्येक स्प्रिंग दाभणानं त्या पट्ट्यांना शिवली. त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडलं. स्प्रिंग थोडी दाबायची आणि सुतळीनं बांधत जायचं, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे आणि मग दोन्ही तिरप्या बाजूंनी. प्रत्येक स्प्रिंगेला आठ दिशांनी सुतळी येते. त्यामुळे एक दबली की शेजारचीही भार घेते आणि कुणीच एकटी कलंडत नाही. बैठक किती टणक होणार, ते इथंच ठरतं. काकांनी माझा हात धरून सुतळीचा ताण दाखवला, तो वाचून कळला नसता.

वर पुन्हा काथ्याच घालणार आहे. फोम सोपा पडतो, दुकानात कापूनही देतात, पण हलका फोम घेतला तर काही वर्षांत बसतो, आणि बैठक खचली की बाबांच्या गुडघ्यांचं पुन्हा तेच. काथ्यावर कापसाचा एक थर येईल, म्हणजे टोचणार नाही.

आई, कापडाबद्दल तुझं म्हणणं मला माहीत आहे. रेक्झिन ओल्या फडक्यानं पुसता येतं. पण एप्रिल-मे महिन्यात त्यावर पाठ भिजते आणि पुढे त्याची सालपटं निघतात. मी जाड सुती कापड घ्यावं म्हणते. शेजारी इचलकरंजी असताना बाहेरचं कशाला? कापडाच्या रेघेत धागा सरळ धरून प्रत्येक बाजूच्या मध्यावर आधी चूक, म्हणजे बारीक खिळा, मारायची, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, म्हणजे चुणी पडत नाही. हातांवर मात्र चामडं लावणार आहे, आपल्या कोल्हापुरी चपलांचं असतं ते, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. तळहाताचा घाम तिथंच लागतो. ते किंचित ओलं करून ताणलं की वाळताना घट्ट बसतं.

आता तुमच्याकडून मापं हवीत. बाबा, साध्या लाकडी खुर्चीवर बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकू द्या आणि दादाला जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत टेपनं मोजायला सांगा. बैठक मी त्याहून एखादा इंच वर ठेवीन, बसल्यावर ती थोडी दबतेच. दुसरं माप लवणीपासून पाठीपर्यंत. बैठक त्याहून दोन-तीन बोटं आखूड हवी, नाहीतर पोटरीला कड रुतते. आई, तुझीही दोन्ही मापं पाठव. बाबांच्या उंचीची खुर्ची केली तर तुझे पाय अधांतरी राहतील, तेव्हा तुझ्या मापाचा पाट करून घेते आणि पाठीला एक जाड लोड शिवते.

रंग तूच सांग, गडद हिरवा की विटकरी. काका गुरुवारी इचलकरंजीला निघालेत, त्यांच्याबरोबर मीही जाणार आहे. बुधवारी रात्रीपर्यंत सगळं दादाच्या फोनवरून कळवा.

तुमची,
थोरली