पोतं उचलणाऱ्याचा मणका
महोदय,
माझा धाकटा भाऊ मार्केट यार्डात हमाल. टेम्पोच्या धडकेत कमरेचा मणका मोडला. आता दहा मिनिटं बसला तरी भिंत धरूनच उठतो. दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के. पण पाठीवर पोतं घेणाऱ्याचा मणका गेला की कामच गेलं! अपघाताची भरपाई ठरवताना अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतली घट नव्हे, माणसाचा व्यवसाय पाहून ती ठरवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. नुसता दाखला पुरत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते. तीच आमच्या दाव्यात तीन तारखा रखडली. कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे साक्ष घ्यायला कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत, ती नोंदवण्याचा मार्ग त्याच निकालात आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणांनी तो वापरावा, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, सांगली