नंदूस पत्र: होडी, बस, रिक्षा, मासा

मालवण तालुका,
शनिवार, रात्री साडेनऊ

प्रिय नंदे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? दोन वर्षांत तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. तिन्ही ट्रंकेत वरच ठेवली आहेत, साड्यांच्या घडीवर. रागावली असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. घरात सांगितलं तर हे म्हणाले, ‘एवढंच ना?’ अंगणवाडीतल्या मदतनीस बाई हसल्या. तू हसणार नाहीस.

तब्येत बरी. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात.

आता ऐक. मागच्या महिन्यात अंगणवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविका मॅडम भेटीला येणार म्हणून मी आठ दिवस आधीपासून तयारी करत होते. भिंतीवरचे तक्ते नवे केले, वजनकाटा पुसला, फोनवरच्या पोषण ट्रॅकरमधली सगळी नोंद पुरी केली. मुलांची फरक ओळखण्याची आणि गट पाडण्याची तयारी मॅडम स्वतः बघणार होत्या. म्हणून मी कार्डं काढली. तुला आठवतात ती चार चित्रांची कार्डं, ‘यातलं वेगळं कोण?’ वाली. होडी, बस, रिक्षा, मासा. सोपं कार्ड. तीन वाहनं आणि एक मासा. मी मुद्दाम बाबल्याला उभं केलं. साडेचार वर्षांचा आहे, डोळे असे की बोटभर खेकडा वाळूत शिरताना पहिला त्याला दिसतो. माझी खात्री होती की हा मला मान खाली घालायला लावणार नाही.

तो म्हणाला, ‘बस.’

मी म्हटलं, ‘नाही रे, नीट बघ.’ त्याने नीट बघितलं. म्हणाला, ‘बस.’ मॅडमनी पेन वर उचललं होतं. मी पुन्हा म्हटलं, ‘बाबल्या, नीट बघ हं,’ आणि या वेळी माझी नजर माशावर गेली असणार, कारण त्याने कार्डाकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘मासो.’ मी म्हटलं, ‘शाब्बास!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी बरोबरची खूण केली. नंदे, मला त्या दिवशी आनंद झाला होता. हे तुला सांगताना हात थांबतो, पण झाला होता.

चार दिवसांनी त्याची आजी त्याला न्यायला आली. मी सहज म्हटलं, तुमचा नातू बशीला वेगळं म्हणतो. ती पाटी खाली ठेवून म्हणाली, ‘अगो बाई, तेका बशीचो राग आसा. कंडक्टर माका पाटयेसकट चढूक देऊक नाय, त्या दिसाक तो माझ्यावांगडा होतो.’ माशांच्या पाटीचा वास येतो म्हणून. बाजाराच्या दिवशी दोघं उन्हातून चालत गेली, अर्ध्या वाटेत रिक्षा मिळाली. तेव्हापासून ती रिक्षानेच जाते.

होडी मासा आणते. रिक्षा मासा बाजारात नेते. बस माशाला घेत नाही. चारांतलं वेगळं कोण, तूच सांग.

मला लाकूड आठवलं. तुलाही आत्ता तेच आठवलं असणार. प्रशिक्षणाच्या वेळी दिवे गेल्यावर, दोन खाटांच्या मध्ये मेणबत्ती लावून आपण ज्या लाकडावरून भांडलो ते. तू कुठूनसं वाचून आली होतीस, त्या लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाचं. १९३१-३२ साली तो उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला आणि शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना चार चित्रं दाखवली: हातोडा, करवत, कुऱ्हाड, लाकडाचा ओंडका. त्याला उत्तर हवं होतं ओंडका, कारण बाकीची हत्यारं. शेतकरी ऐकेनात. ते म्हणत, ओंडकाच काढला तर करवत कापणार काय? तू हे सांगून खाटेवर उठून बसलीस आणि म्हणालीस, ‘बघ, त्यांचं बरोबरच आहे.’ मी म्हटलं, ‘बरोबर कसं? हत्यारं एका गटात, ओंडका वेगळा. त्यांना गट पाडता आला नाही.’ तू म्हणालीस, ‘त्यांनी पाडला. तुझा गट नावाचा, त्यांचा कामाचा.’ मी म्हटलं, ‘मग पहिलीच्या परीक्षेत मुलांनी ओंडका आणि करवत लिहिलं तर तू मार्क देशील?’ तू म्हणालीस, आधी का विचारीन. यावर मी उशी फेकली, मेणबत्ती विझली, आणि दोन दिवस आपण बोललो नाही. मोठ्या बाईंनी आपल्याला एका ताटात जेवायला बसवलं तेव्हा मिटलं. त्या जेवणातला माझा पापड तू खाल्लास हे मी विसरलेली नाही.

सत्तावीस वर्षांनी मी तुझ्याशी हरले, हे लिहून देते. पण हरण्याचं काही वाटत नाही, वाटतं ते वेगळंच आहे. बाबल्या आता कार्डाकडे बघत नाही. मी काहीही हातात धरलं, पान, बी, चमचा, की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो. माझी भुवई कुठे हलते, ओठ कधी उघडतात, नजर कुठे टेकते. आणि बरोबर सांगतो, नंदे. रोज बरोबर सांगतो. फरक ओळखायला मी शिकवलाच म्हणायचा, पण माझ्या चेहऱ्यावरचा. खेकडा बघणारे ते डोळे मी माझ्याकडे वळवून घेतले.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मी मोजते. वर्षाला वीस-बावीस मुलं धर. त्यांतली किती जणं ‘चुकली’ होती आणि मी का विचारलं नव्हतं? ती कुठल्या तरी बशीबद्दल सांगत होती का? एक मुलगी आठवते, आता तिचं लग्न झालं. तिला मी ‘यातलं वेगळं कोण?’ विचारलं की ती नेहमी गप्प व्हायची. परवा लक्षात आलं, त्या वर्षी तिच्या घरात काका वेगळे झाले होते. चूल वेगळी, विहिरीची पाळी वेगळी. आपल्याकडे ‘वेगळं’ हा साधा शब्द आहे का गं? घर फुटतं तेव्हा आपण हाच शब्द वापरतो. आता मी विचारतच नाही ‘वेगळं कोण’. म्हणते, ‘कोणाची जोडी कोणाशी?’ त्याला मुलं पटकन हात घालतात.

तसं आपल्याला शिकवलंही होतं, जोडी आधी. मॉन्टेसरीबाईंच्या रंगांच्या पाट्यांत हाच क्रम आहे: आधी दोन लाल, दोन निळ्या, दोन पिवळ्या, सारख्याला सारखं लाव. मग बरेच रंग. एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटा शेवटी. मोठा फरक आधी, बारीक नंतर. वस्तू हातात आधी, चित्र नंतर. हातातला शिंपला जड असतो, खरखरीत असतो, त्याला खारट वास असतो. चित्रातला शिंपला नुसता चित्रासारखा असतो. मी हे सगळं जाणून कार्डांवर आले, कारण कार्ड पिशवीत मावतं आणि भेटीच्या दिवशी दाखवता येतं. आणि आपण तर कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आलेल्या! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, जे पुढे कोसबाडला गेलं, तेव्हा महागडी साधनं आणणार कुठून, म्हणून शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. माझ्या दारापासून समुद्र तीनशे पावलांवर, आणि मी छापील मासा दाखवत होते.

म्हणून कार्डं कपाटात टाकली. गेले तीन आठवडे रोज सकाळी मुलांना घेऊन पुळणीवर जाते, प्रत्येकाने ओंजळभर आणायचं. मग ओसरीवर ढीग. पहिल्या दिवशी एकच सांगितलं, रंगाने वाटा. दुसऱ्या दिवशी तेच शिंपले, आकाराने. मग लहान-मोठे. तेच शिंपले तीनदा तीन ढिगांत गेले, हे बघून एक पोरगा इतका चिडला, ‘बाई, काल ह्यो पांढऱ्यांत होतो!’ त्याला वाटलं, मी काल खोटं बोलले. खरं तर शिकण्याची जागा तीच. वस्तू एक, पण ती कशाशी कशी जुळवायची हे आपण ठरवायचं. लहान पोरांना हे कठीण जातं, रंग धरला की रंगच धरून बसतात, किंवा मधेच विसरून शिंपल्यांची रांग करून गाडी चालवतात. चालवू देते. तीन वर्षांच्याने ढिगाचं घर केलं तरी तो अजून तिथे आहे, एवढंच.

एक गंमत सांगते. बाजारातून पाच बांगडे नि दोन सुरमया आणल्या होत्या. धुवायच्या आधी पोरांपुढे मांडल्या आणि विचारलं, ‘बांगडे जास्ती की मासे जास्ती?’ सगळे एका सुरात, ‘बांगडे!’ मी म्हटलं, बांगडे मासे नाहीत? ‘आसत.’ सुरमई? ‘ता पण.’ मग जास्ती काय? ‘बांगडेऽ!’ त्या पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने लाकडी मण्यांवर हेच करून बघितलं होतं ना, तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त, आणि सात-आठ वर्षांपर्यंतची पोरं तपकिरीच म्हणत राहतात. तू परीक्षेत त्याच्यावर अडीच पानं लिहिलीस आणि मला तुझी वही दाखवली नाहीस, हेही मी विसरलेली नाही. सांगायचं म्हणजे, इतकी वर्षं मी हे पुस्तकातलं समजून होते, आणि माझ्या ओसरीवर सात माशांत तेच निघालं. शेवटी जूनमध्ये पहिलीत जाणारी एकटी हळूच म्हणाली, ‘बाई, पण बांगडे पण माशेच ना?’ मला तिला उचलूनच घ्यावंसं वाटलं. मासे मात्र तोवर मांजराने बघितले आणि सहाच उरले, मग सगळंच पुन्हा मोजावं लागलं.

पण बाबल्या. तो शिंपले वाटतानाही एक ठेवतो, माझ्याकडे बघतो, मग दुसरा ठेवतो. काय करावं कळेना. परवा मी पाठ करून बसले, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, आज तू वाट, मला काही सांगू नकोस, मी ओळखते कसं वाटलंस ते. किती तरी वेळ नुसता टकटक आवाज. मग म्हणाला, ‘झाला.’ मी वळले. दोन ढीग. दोन्हींत पांढरे होते, तांबूस होते, मोठे, चिमुकले, पुरे, फुटके. मी म्हटलं, गुळगुळीत आणि खरखरीत? नाही. पातळ-जाड? नाही. ओले-सुके? तो हसायला लागला, तोंडावर हात ठेवून. मी खरंच हरले. तेव्हा त्याने एक शिंपला उचलून उजेडाला धरला. बारीक गोल भोक, सुईने पाडल्यासारखं. ‘ह्येंका भोक आसा, ह्येंका नाय.’ ती भोकं एक मांसाहारी गोगलगाय पाडते, शिंपल्याच्या आतलं जिवंत खायला. मला ते माहीत होतं, पण शेकडो शिंपले चाळून माझ्या डोळ्यांना एक भोक दिसलं नव्हतं. भोकाच्यांची माळ होते, म्हणाला, दोरा दे.

तेवढ्या वेळात त्याने एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आज सकाळी मात्र मी समोर बसले तर पुन्हा बघायला लागला. उद्यापासून परत भिंतीकडे तोंड. कितीही दिवस लागू देत.

आता मला तुझं मत हवं आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. त्या नोंदीत बाबल्यापुढे बरोबरची खूण आहे. पोराच्या दृष्टीने ती खोटी. मॅडमना सांगून ती काढायला लावू? लावली तर त्याच्यापुढे ‘येत नाही’ पडेल आणि ते त्याहून खोटं. मॅडम वाईट नाहीत, घाईत असतात, चौकटीला दोनच बाजू आहेत, येतं आणि येत नाही. आणि दुसरं, बाबल्याला मी सांगू का, की त्या दिवशी तुझंच बरोबर होतं? साडेचार वर्षांच्या पोराला ते कळेल का? की मी माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवीन? तू असतीस तर काय केलं असतंस ते लिही, फोनवर नको. फोनवर आपण दोघी भलतंच बोलतो.

तुझ्या लेकीचं दुसरं बाळंतपण कधी? तिसऱ्या पत्रात लिहिलंस ते आणि मी साधं विचारलंही नाही. भाऊजींचा डोळा कसा आहे? नाशिकच्या घराला रंग काढलास का? नातवाचा फोटो पाठव, आणि त्याला अजून कार्डं दाखवू नकोस.

मे महिन्यात ये. आंबे आहेत, फणस आहे, ओसरीवर शिंपल्यांचे ढीग आहेत, पाय जपून टाक. बाबल्याची आजी म्हणाली आहे, तुझ्या मैत्रिणीसाठी सुकट देईन. ती घेऊन परत जाताना बशीने जाऊ नकोस.

तुझी,
कुसुम

ता. क. भोकाच्या शिंपल्यांची माळ त्याने केली. तेवीस शिंपले आहेत. ती आजीच्या पाटीला बांधली आहे.