चिंगीच्या डॉक्टर मॅडमना अनावृत पत्र

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांत लिहितोय. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत, ते सांगलीत कुत्रं पाळणाऱ्या घराघरांत पोचावं म्हणून.

आमची कुत्री चिंगी गुलाबाच्या वाफ्यातलं खत खाऊन बसली, त्या संध्याकाळी आमच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे तूप पाजा, कुणी म्हणे मिठाचं पाणी पाजून ओकायला लावा. तुम्ही फोनवरच दटावलंत, "मीठ अजिबात नको, त्याचीच वेगळी बाधा होईल. आहे तशी घेऊन या, आणि खताची गोणीही आणा."

चिंगी तेव्हा चांगली शेपूट हलवत होती. नाकाला माती, गुलाबाचा वाफा उकरलेला, बास. गोणीवर 'सेंद्रिय' असं ठळक छापलेलं, त्यामुळे निम्मं घर निर्धास्त. तुम्ही चिमूटभर पेंड तळहातावर पसरलीत आणि नखानं टरफलाचे ठिपकेदार तुकडे बाजूला काढून दाखवलेत. एरंडी! त्यात हाडांचा चुरा मिसळलेला, म्हणजे कुत्र्याला आयतं आमंत्रणच.

एरंडाच्या बीतलं रायसिन नावाचं विष तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं. पेंड नीट तापवली तर ते निकामी होतं, पण खताच्या गोणीबद्दल तशी खात्री कोण देणार? त्यावर उतारा नाही, आणि लक्षणं दिसायला सहा तासांपासून एक-दोन दिवसही लागतात, म्हणून तुम्ही तिला घरी सोडलं नाहीत. पहाटे उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, तेव्हा सलाईन आधीच लावलेलं होतं. ती वाचली ती त्या तासांमुळे, असं आमचं ठाम मत आहे. तुम्ही "नशीब तिचं" म्हणालात, तो तुमचा मोठेपणा.

नंतर तुम्ही आपणहून आमचं अंगण बघायला आलात. कुंपणाची कण्हेर हृदयावर जाते, पानापासून मुळापर्यंत सगळीच विषारी. कुंडीतल्या सायकसची, म्हणजे त्या ताडासारख्या शोभेच्या झाडाची, बी यकृत निकामी करते. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी काही तासांतच झटके येतात. आच्छादनाला आपलं उसाचं पाचट बरं, हल्ली शोभेसाठी कोकोच्या टरफलांचं मल्च मिळतं ते नको, कारण चॉकलेटमधलं, कुत्र्याला बाधणारं थिओब्रोमिन त्यातही असतं. नारळाच्या कोकोपीटमध्ये ते नसतं, हेही लगेच सांगितलंत, नाहीतर आमच्या आईनं गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या उपसल्या असत्या.

पण सगळ्यात जड गेलं ते बेदाण्याचं. तासगाव हाकेवर, घरात बेदाण्याचा डबा कायम भरलेला, आणि प्रसादाचा शिरा चिंगीच्या वाट्याला ठरलेला. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते, हे आजीला पटेना. त्यातल्या टार्टारिक ॲसिडवर 2021 पासून तज्ज्ञांचा संशय आहे आणि किती दाणे चालतील याचा भरवसा नाही, हे तुम्ही तिच्याशेजारी पायरीवर बसून समजावलंत. आता चिंगीचा शिरा बिनबेदाण्याचा होतो, तोही वेगळ्या पातेल्यात.

दवाखान्याचं बिल तुम्ही घेतलंत, अंगणातल्या त्या तासाभराचे मात्र चहावर भागवलंत. माळीमामांनी उरलेली पेंड कुलपात ठेवली आहे. गल्लीतली मंडळी आता खत घेण्याआधी गोणीचा फोटो आम्हाला पाठवतात. त्यातले न कळणारे तुमच्याकडे येतील, तेवढा त्रास माफ करा.

मनापासून आभार. लोभ असावा.

आपली,
चिंगीच्या घरची मंडळी
विश्रामबाग, सांगली